मास्तर, सुम्ने बसा

मैसूरमधल्या चामराजपुरमच्या तिरुमलराव मास्तरांना बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. संध्येला आणि जेवायला बसत असतीलच, पण ते घरात. चारचौघांत मास्तर उभे. हायस्कुलात ते गणित शिकवायचे. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर वर्षानुवर्षं डस्टरच बसायचं. सिटी बस रिकामी असली तरी मास्तर दांडी धरून उभे. लग्नाला गेले की मांडवाच्या खांबाशेजारी उभे, इतके ताठ की वाढप्यांनी एकदा त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला होता.

"बसला की माणूस सैल होतो," असं त्यांचं मत होतं. आणि मत एकदा झालं की ते भूमितीतल्या सिद्धांतासारखं, पुन्हा तपासायचं नाही. पोरांना द्यायची शिक्षासुद्धा त्यांना एकच ठाऊक होती: बाकावर उभा राहा.

त्यांची बायको अंबुजाबाई आपल्या बहिणीला सांगायच्या, "माझं लग्न विजेच्या खांबाशी लागलंय गं. उजेड पडतो, पण टेकायची सोय नाही."

राज्याचं नाव मैसूर बदलून कर्नाटक झाल्याला चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मास्तर पन्नाशीला आलेले. कपाळावर माध्व पद्धतीची अंगाराची काळी रेघ, तिच्याखाली अक्षतेचा ठिपका, धोतराची निरी कशी रेघ मारल्यासारखी. त्या दिवशी ते नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होते. कंपास न घेता, नुसत्या हातानं, एका झटक्यात पुरं गोल वर्तुळ काढायचं, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव गर्व. वर्तुळ उत्तम आलं. मग डाव्या कानात कुणी तरी कुकर लावल्यासारखा आवाज सुरू झाला आणि ते वर्तुळ हळूहळू फिरायला लागलं. त्याच्या मागोमाग फळा फिरला, फळ्यामागून भिंत.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण उगाच म्हणत असतो. मास्तरांची खरोखरच सरकली. त्यांनी दोन्ही हातांनी फळ्याला मिठी मारली आणि जेवढा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "सगळे खाली बसा!"

वर्ग बसलेलाच होता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढे मास्तरांच्या पोटातलं सकाळचं उप्पिट्टू बाहेर आलं आणि वर्ग सुटला.

घरी ते पित्तावर गेलं. आल्याचा रस झाला, कोकम झालं. मास्तर दोन दिवसांत पुन्हा ताठ झाले. पण पंधरवड्यानं स्टेशनाजवळच्या रस्त्यावर, भर संध्याकाळी, जग दुसऱ्यांदा फिरलं. या खेपेला हाताशी होता तो दिव्याचा खांब. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी कवटाळला, गाल त्याला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. उपरणं गटारात गेलं. नेमक्या त्याच वेळी गल्लीतल्या सरस्वतीबाई भाजीची पिशवी घेऊन समोरून आल्या.

सरस्वतीबाईंना बातमी पोटात ठेवायची सवय नव्हती. "मी बाई कुणाला सांगायची नाही," असं त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं. दिवेलागणीपर्यंत चामराजपुरमच्या निम्म्या ओट्यांवर एकच विषय. एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारा माणूस! कुणी म्हणालं, द्वादशीला भरून काढत असेल.

हे कानावर आलं तेव्हा मास्तरांना चक्करेपेक्षा जास्त लागलं. अंबुजाबाईंनी गटारातलं उपरणं धुता धुता एवढंच म्हटलं, "खांबानं खांबाला धरलं. त्यात लोकांचं काय गेलं?" पण मास्तर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी नागोजीराव उभे राहिले. नागोजीराव म्हणजे महाराजांच्या घोडदळातले जुने शिपाई. रोज संध्याकाळी उघडपणे घ्यायचे आणि रोज रात्री रस्त्याच्या दोन्ही कडा मोजत घरी यायचे. गेली कित्येक वर्षं मास्तर त्यांना पाहून रस्ता ओलांडत आले होते. आज ते आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आत येऊन ते आपुलकीनं खुर्चीवर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. पण अनुभवाचं सांगतो. ते स्टेशनामागचं दुकान आहे ना, तिथं जाऊ नका. भेसळ असते."

स्वयंपाकघरातून अंबुजाबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. थोड्या वेळानं त्या पदर सावरत बाहेर आल्या. "नागोजीराव, यांनी घेतली असती तर बरं होतं. सकाळी उतरली तरी असती. हे नुसतंच फिरतंय."

"न घेता फिरतंय?" नागोजीरावांना मनापासून वाईट वाटलं. "अय्यो, म्हणजे हा तर सगळा तोटाच." मग ते गंभीर झाले. "तसं असेल तर ऐका. डोळे मिटायचे नाहीत. मिटले की जास्त फिरतं. एखादी न हलणारी वस्तू धरायची, खिळा म्हणा, दाराची कडी म्हणा, आणि नजर सोडायची नाही. आणि पहिलं म्हणजे खाली बसायचं. उभा असतो तो पडतो, मास्तर. बसलेला कुठं पडणार?"

तर्कात चूक नव्हती. मास्तरांना त्याचंच जास्त दुःख झालं.

आठवड्यानं ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर नरसिंहमूर्ती त्यांचेच जुने विद्यार्थी, एके काळी बाकावर पुष्कळ उभे राहिलेले. त्यांनी कान तपासला, घंटेसारखा चिमटा वाजवून ऐकवला आणि सांगितलं की कानाच्या आतल्या भागात पाणी वाढतं, त्यानं तोल जातो. मेनिएर नावाचा आजार. जीव घेत नाही, पण मुळापासून जातही नाही. कधी येईल, सांगता येत नाही. मग वहीतला धडा म्हणावा तसं म्हणाले, "आलं की लगेच खाली बसा सर, कुठेही असा. आणि एका जागी नजर ठेवा."

डॉक्टर आणि नागोजीराव यांचं एकमत झालेलं पाहून मास्तरांचा वैद्यकशास्त्रावरचा विश्वास थोडा हलला.

"आणखी तीन गोष्टी कमी करा," डॉक्टर म्हणाले. "मीठ, काफी आणि काळजी."

पहिल्या दोन अंबुजाबाईंनी त्याच संध्याकाळी ताब्यात घेतल्या. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली. सारु असं व्हायला लागलं की मास्तर म्हणायचे, हे सारु नव्हे, साराची आठवण आहे. काफी सकाळी एकदा, तीही अर्धा पेला. मैसूरच्या माणसाची काफी अर्धी करणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पेला रिकामा झाल्यावरही मास्तर तो बराच वेळ नाकाशी धरून ठेवायचे.

तिसरी गोष्ट, काळजी, मास्तरांनी स्वतःकडे घेतली. ती कमी करायची म्हणजे शांती वाढवायची, हे सरळ समीकरण. त्यांनी वेळापत्रक केलं. पहाटे स्नानानंतर शांती, शाळेतून आल्यावर पुन्हा शांती. भिंतीवरच्या घड्याळासमोर पाटावर बसून ते शांत व्हायचा प्रयत्न करायचे. कपाळाला आठ्या, दातांवर दात, मान ताठ. अंबुजाबाई जाता-येता विचारायच्या, "झाली का शांती? की सप्लिमेंटरीला बसावं लागणार?"

"तू मध्ये बोलू नकोस. सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

चेष्टा सोडली, तर मास्तर आतून पार हादरले होते. चक्कर येऊन जायची तास-दोन तासांत. तिची भीती मात्र मुक्कामाला राहायची. कानात जरा गुणगुण झाली की त्यांचा हात भिंत शोधायचा. पुढे गुणगुण नसतानाही शोधायला लागला. वर्गात पुन्हा तसं झालं तर? भर रस्त्यात झालं तर? उपरणं, गटार, सरस्वतीबाई. त्यांनी लांब रजा टाकली आणि घर धरलं.

घरात बसून करायचं काय? त्यांनी स्वयंपाकघराकडे लक्ष वळवलं. भांडी व्यासाप्रमाणे लावावीत. डाळीला पाणी अंदाजानं का घालतेस? फोडणीतल्या मोहरीचा तडतडायचा क्रम चुकतो आहे. अंबुजाबाईंनी महिनाभर सोसलं. त्यांना खरं तर चक्करेची भीती वाटत नव्हती. हा माणूस असाच भिंतीला हात लावून म्हातारा होईल, याची वाटत होती. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, लष्कर मोहल्ल्यात निवृत्ती शिंप्याकडे माझे दोन ब्लाउज आहेत. घेऊन या."

"मी? वाटेत काही झालं तर?"

"झालं तर बसा. वाटेत जागा काय कमी आहे?"

मास्तर निघाले. भिंती, खांब, झाडं असे टप्पे मनात धरत, बाजार मागे टाकून लष्कर मोहल्ल्याच्या गर्दीत शिरले. हातगाड्या, ठोकाठोक, गॅरेजातला धूर. निवृत्तीचं दुकान दिसायला लागलं आणि डाव्या कानात कुकर लागला. मास्तर जागच्या जागी थांबले. जवळ खांब नव्हता, भिंत नव्हती. होता तो दुकानासमोरचा लाकडी कट्टा, गुडघ्याएवढा. त्यावर बसायचं म्हणजे भर रस्त्यात, लोकांच्या चपलांच्या उंचीवर बसायचं. मास्तर उभेच राहिले. रस्ता फिरायला लागला, तरी उभे.

निवृत्तीनं मशीनवरून मान वर केली. कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं तो कानडीत ओरडला, "ओ मेष्ट्रे, सुम्ने कूतकोळ्ळी!"

सुम्ने हा शब्द मैसूरच्या मराठी माणसाच्या तोंडी कानडीतून येऊन घरच्यासारखा राहिला आहे. उगाच, गप्प, आणि काही कारण नसताना, या तिन्हींचा मिळून तो एक शब्द. सुम्ने बसा म्हणजे काहीतरी करण्यासाठी बसू नका, नुसते बसा.

मास्तर बसले. डोळे उघडे ठेवून त्यांनी न हलणारी वस्तू शोधायला सुरुवात केली. मशीनचं चाक फिरत होतं, ते बाद. टांगलेले परकर हलत होते, तेही बाद. शेवटी भिंतीवरच्या तसबिरीवर नजर टेकली. विटेवर विठ्ठल, कमरेवर हात, हूं की चूं नाही. मास्तरांनी त्याला डोळ्यांनी घट्ट धरलं.

निवृत्तीनं पाण्याचा तांब्या शेजारी आणून ठेवला. घाईनं काही विचारलं नाही. थोड्या वेळानं, दोऱ्याचं टोक दातानं तोडता तोडता, तो मराठीत म्हणाला, "उभं राहायचं काम त्यानं घेतलंय, मास्तर. अठ्ठावीस युगं झाली. आपल्याला कशाला? आपण बसावं."

मास्तरांच्या घरात शिंपीआळीची मराठी जरा खालची मानली जायची. खरं तर मास्तरांची स्वतःची मराठी अर्धी कानडी होती, पण ते वेगळं. आता मात्र मास्तर ती ऐकून घेत विठ्ठलाकडे बघत राहिले. आतलं गरगरणं आपल्या वेळेनं हळूहळू उतरत गेलं, रहाटाला हात लावायचा सोडला की तो थांबतो तसं.

आणि मग एक गंमत झाली. चक्कर थांबली, तरी मास्तर उठले नाहीत. कातरी कापडातून चालत होती. बटणांच्या डब्यात कुणी हात घातला की खळखळ व्हायची. एक बाई परकराची लांबी वाढवून घ्यायला आली आणि निवृत्तीशी भांडून कमी करून घेऊन गेली. रस्त्यानं माणसं जात होती, त्यातली काही मास्तरांकडे बघत होती, आणि बघून पुढे जात होती. लोकांच्या बघण्याला इतकं कमी वजन असतं, हे मास्तरांना नवीनच होतं.

घरी पोचले तेव्हा अंबुजाबाई दारातच होत्या. काळजी लपवण्यासाठी त्यांनी हातात सूप धरलं होतं, पण सुपात काही नव्हतं. "ब्लाउज कुठे?"

"राहिले."

"मग इतका वेळ काय करत होता?"

मास्तरांनी चप्पल काढली. "बसलो होतो," ते म्हणाले. "सुम्ने."

ब्लाउजांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. निवृत्ती म्हणाला, गळा राहिलाय, उद्या या. त्याच्या पुढच्या खेपेला हुक राहिले होते. शिंप्याचं उद्या जगप्रसिद्ध आहे, त्यामुळे मास्तरांना संशय आला नाही. ते जात राहिले आणि कट्ट्यावर बसत राहिले. वाटेतही त्यांनी इतर कट्टे हेरले: केळीच्या पानवाल्याचा, बंद पडलेल्या प्रेसचा, मारुतीच्या देवळाचा. कानात आवाज आला की ते हात वर करून सोबतच्याला सांगायचे, "थांबा, आमचं आलं," आणि टेकायचे. ते दोन ब्लाउज पहिल्याच दिवशी तयार होते आणि अंबुजाबाईंनी माणूस पाठवून ते अडवून ठेवायला सांगितले होते, हे निवृत्तीनं फार पुढे, मास्तरांच्या धाकट्या लेकीच्या, तुंगाच्या लग्नात, पंगतीत सांगितलं. मास्तर घास हातात धरून बायकोकडे बघत राहिले. ती शेजारच्या पंगतीत तूप वाढत होती आणि मुद्दाम इकडे बघत नव्हती.

सरस्वतीबाईंचा बंदोबस्तही अंबुजाबाईंनीच केला. एका दुपारी त्यांना घरी बोलावून, काफी देऊन, आजार नीट समजावून सांगितला आणि वर म्हणाल्या, "कुणाला सांगू नका हं." आठवड्याच्या आत सगळ्या चामराजपुरमला ते ठाऊक झालं. मात्र सरस्वतीबाईंच्या सांगण्यात कानातलं पाणी डोक्यात चढलं होतं. त्यामुळे पुढे बरेच दिवस लोक मास्तरांशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलायचे.

रजा संपली. पहिल्याच तासाला मास्तरांनी खुर्चीवरचं डस्टर उचललं आणि स्वतः बसले. वर्गात कुजबुज झाली. "मला एक आजार आहे," ते म्हणाले, आणि लपवाछपवी न करता सांगून टाकलं. "तो आला की मी त्या खिडकीच्या कडीकडे बघत बसेन. तुम्ही पुढची उदाहरणं सोडवा. गोंधळ घालू नका. घातलात तरी मला त्या वेळी काही करता यायचं नाही, हे आधीच सांगतो."

पोरांनी काय करावं? पहिल्या खेपेला सगळा वर्ग श्वास रोखून मास्तरांऐवजी कडीकडेच बघत बसला. पुढे सवय झाली. बाकावर उभं करायची शिक्षा मात्र कायमची गेली. मास्तरांचं मन वगैरे विरघळलं, असं काही नाही. उंच उभ्या पोराकडे मान वर करून पाहिलं की त्यांनाच गरगरायचं.

आजार गेला नाही. भीतीही पूर्ण गेली नाही. घरात एखादी म्हातारी आते राहावी तशी ती राहिली, अधूनमधून कुरकुर करायची, आणि तिला विचारून काही ठरवायचं नाही, एवढं घरच्यांना कळलं होतं. शांतीचं वेळापत्रक भिंतीवरून उतरलं. त्याऐवजी ती चिल्लर मिळायला लागली: कट्ट्यावर थोडी, काफीच्या अर्ध्या पेल्यात थोडी. एका दिवाळीला मास्तरांनी माळ्यावर चढून लोणच्याच्या दोन फोडी चोरून खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी अख्खी सकाळ न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नळाकडे नजर लावून काढली. अंबुजाबाईंनी शेजारी पाट टाकून शेंगा सोलल्या. "चव कशी होती?" त्यांनी विचारलं. मास्तर नळावरची नजर न हलवता म्हणाले, "उत्तम."

वर्षं गेली. चकरा विरळ झाल्या, पण जाता जाता डावा कान घेऊन गेल्या. मास्तर निवृत्त झाले. अंबुजाबाईंचे गुडघे बोलायला लागले, पण त्या कुणापुढे कबूल करायच्या नाहीत.

एका गुरुवारी दोघं मार्केटात गेली. अंबुजाबाईंना इरंगेरे वांगी हवी होती, हिरवी, गोल, आणि भाव त्यांच्या मनासारखा. घासाघीस रंगात आली असताना मास्तरांनी हात वर केला. "आमचं आलं."

"आत्ता?" असं म्हणून अंबुजाबाईंनी जागा शोधली. वांगीवालीनं न बोलता एक रिकामं पोतं दुमडून पुढे सरकवलं. मास्तर टेकले आणि समोरच्या तराजूच्या खुंटीला नजर लावली. अंबुजाबाई थोडा वेळ पिशवी धरून उभ्या राहिल्या. मग एक पाय बदलला, मग दुसरा. शेवटी इकडे-तिकडे पाहून त्याही पोत्यावर बसल्या, डाव्या बाजूला.

"अय्यो देवा," त्यांच्या तोंडून सुटकेचा आवाज आला. मग त्या बोलायला लागल्या. गुडघ्याचं बोलल्या, आजवर न सांगितलेलं. रात्री कसा ठणकतो, जिना चढताना कसा कठडा धरावा लागतो, सगळं. मास्तरांचा तो कान ऐकू न येणारा होता. पण बाई काहीतरी मनापासून बोलते आहे, एवढं त्यांना हाताच्या हालचालीवरून कळत होतं.

"हो," ते खुंटीकडे बघत म्हणाले. "नंजनगूडची केळीही घेऊ."

अंबुजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. वांगीवालीही हसली, नक्की कशाला ते न कळता. गर्दी त्यांना वळसा घालून जात राहिली. फुलवाल्याच्या टोपल्यातला मोगऱ्याचा ओला वास येत होता. बऱ्याच वेळानं वांगीवाली म्हणाली, पोतं लागेल हो, नवा माल आलाय. तेव्हा आधी मास्तर उठले आणि त्यांनी बायकोला हात दिला.